तापात झटका येऊन गेला, आता लेकीला फिरायला न्यावं की नाही?

सोनचाफा
नमस्कार मंडळी. प्रश्न सरळ आहे, पण घरात त्यावरून दोन तट पडलेत म्हणून इथे विचारते. माझी लेक ओवी अडीच वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात तिला तापात झटका आला. आता ठणठणीत आहे, ताप नाही, जेवते, घरभर धुडगूस घालते. येत्या रविवारी अमरावतीहून नणंदबाई त्यांच्या दोन्ही पोरांना घेऊन येताहेत आणि सगळ्यांना नागपूर दाखवायचं दिवाळीपासून ठरलेलं. सासूबाई म्हणतात, महिनाभर उंबरठा ओलांडायचा नाही. नवरा गप्प आहे. माझं मत असं की डॉक्टरांनी हो म्हटलंय तर न्यावं, पोरीला काचेच्या कपाटात ठेवून कसं चालेल?

काय झालं ते सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. दुपारपासून नाक वाहत होतं, अंग जरा गरम लागत होतं. संध्याकाळी मी ओट्याशी पोळ्या लाटत होते आणि ती माझा पाय धरून उभी होती. अचानक पायावरची पकड सुटली. खाली बघते तर डोळे वर गेलेले, मुठी आवळलेल्या, दातखीळ बसलेली, हातपाय एका तालात उडताहेत. ओठ निळसर. मी नावाने हाका मारून राहिली आणि तिला ऐकूच येत नाही. शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन आल्या, कोणी म्हणालं चप्पल हुंगवा. दोन-तीन मिनिटांत अंग सैल पडलं, पण ती दोन-तीन मिनिटं मी विसरणार नाही. मानेवाड्याहून धंतोलीतल्या बालरुग्णालयात नेताना वाटेत ती रडायला लागली, तेव्हा माझा जीव खाली बसला. रात्रभर ठेवून घेतलं, रक्त तपासलं, मान पुढे वाकवून पाहिली, सकाळी सोडलं. तापामुळे आलेला साधा झटका आहे, ईईजी-एमआरआयची गरज नाही, असं सांगितलं.

तर सांगा, न्यावं का? कुठे न्यावं? आणि बाहेर असताना पुन्हा झालं तर नेमकं काय करायचं?

धंतोलीकर
वाचतानाच पोटात गोळा आला. ओवीला खूप आशीर्वाद. माझं मत, न्या.

पुण्यातला_वैदर्भीय
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आठच दिवस झालेत. रविवारी नागपुरात कुठेही जा, गर्दीच असते. पुन्हा कुठला तरी विषाणू चिकटला आणि ताप आला तर? भाचे-भाच्या काय, पुढच्या सुट्टीत पुन्हा येतील. सासूबाईंचं अगदीच चूक नाही.

परिचारिका_ताई
सोनचाफा, फिरायला जायचं की नाही ते नंतर बघू. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते घरीही लागेल. माझी बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात गेली आहेत.

झटका सुरू झाला की सगळ्यात आधी घड्याळ बघायचं. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांएवढं वाटतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात की किती वेळ चाललं. बाळाला जमिनीवर किंवा गादीवर एका कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ किंवा उलटी घशात न जाता बाहेर येते. गळ्याशी काही घट्ट असेल तर सैल करायचं, आजूबाजूचं टोकदार काही असेल ते बाजूला सारायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. बोट नाही, चमचा नाही, पाणी नाही, तापाचं औषधसुद्धा नाही. पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय घोटभर पाणीही नको. दुसरं माणूस हाताशी असेल तर त्याला मोबाइलवर थोडं चित्रीकरण करायला सांगा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

5 मिनिटांत थांबलं नाही तर 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या रुग्णालयात न्या. लगेच दुसरा झटका आला, किंवा थांबल्यावर बराच वेळ बाळ नीट जागं होत नसेल, तरीही हेच. आणि झटका लवकर थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच, ते तुम्ही केलंतच.

खडीसाखर
कांद्याचं काय? आमच्याकडे अजूनही पहिली धाव कांद्याकडेच असते.

परिचारिका_ताई
खडीसाखर, झटका बहुतेक वेळा आपला आपणच थांबतो. त्या वेळी नाकाशी कांदा असला की श्रेय कांद्याला जातं, चप्पल असली की चपलेला. कांदा फोडायला जो माणूस धावतो, त्याने त्याऐवजी बाळाला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघितलं तर खरं काम होईल. काकूंची धावपळ मायेपोटीच असते, तिला फक्त दुसरं काम द्या.

विमलाबाई_उमरेडवाल्या
माय वं, वाचूनच अंगावर काटा आला. माह्या मोठ्या पोराले बी असंच झालं होतं, 1981 साली. उमरेडले राहत होतो तवा. ताप आला न् पोरगं ताठलं. शेजारच्या एका बाईनं तोंडात पितळी चमचा कोंबला, दात हालला, रक्त आलं, तं आम्ही अजूनच घाबरलो. रक्त चमच्याचं होतं, बिमारीचं नोयतं. मंग छोट्या लाइनीच्या गाडीनं नागपूरले मेडिकलमंधी आणलं. गाडी काही सरकेच ना बाप्पा, जीव टांगणीले लागला होता. तिथल्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं का पाच वर्साचा झाला का आपोआप बंद होईन. तसंच झालं. आज तो पंचेचाळिशीचा हाय, दोन लेकरांचा बाप हाय, न् रोज सकाळी अंबाझरीवर पयाले जाते.

सोनचाफा, सासूले बोल नोको लावू. तिनं डोयानं पाह्यलं हाय. तिले बी संग घेऊन जा, घरी बसवून ठेवशीन तं दिवसभर फोन करून राहीन.

सोनचाफा
विमलाबाई, हे वाचून आधी हसले, मग डोळे भरून आले. सासूबाईंना सोबत न्यायचं माझ्या डोक्यातच नव्हतं! आज रात्री तुमची पोस्ट त्यांना वाचून दाखवते.

बालरोग_डॉ
परिचारिकाताईंनी फार नेमकं लिहिलंय. थोडी भर घालतो. माझं लिहिणं म्हणजे तुमच्या डॉक्टरांचा सल्ला नव्हे, त्यांनी बाळ तपासलंय, मी नाही.

साधारण 6 महिने ते 5 वर्षं या वयात, 100 मुलांमागे 2 ते 5 मुलांना असा झटका कधी ना कधी येतो. म्हणजे प्रत्येक मोठ्या नातेवाइकांच्या घोळक्यात एखादं तरी मूल निघेल, फक्त लोक बोलत नाहीत. ताप सुरू झाल्यावर पहिल्या 24 तासांतच तो बहुधा येतो. पुष्कळदा घरच्यांना ताप आहे हे कळायच्याही आधी येतो, म्हणून आईने 'मी लक्ष दिलं नाही' असं मनाला लावून घेऊ नये. पूर्ण अंगाला आलेला, 15 मिनिटांच्या आत थांबलेला आणि 24 तासांत एकदाच आलेला असेल तर त्याला आम्ही साधा म्हणतो. त्याने मेंदूला इजा होत नाही, बुद्धीवर परिणाम होत नाही. पुढे मिरगी जडण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त असते.

पुन्हा येण्याचं प्रमाण मात्र लक्षात ठेवा: साधारण तीनांतल्या एका मुलाला पुढच्या एखाद्या तापात पुन्हा येतो. पहिला झटका दीड वर्षाच्या आत आला असेल, किंवा आई-वडील, भावंडं यांपैकी कुणाला लहानपणी येत असेल, तर ही शक्यता वाढते.

पुण्याच्या मित्रांच्या मुद्द्यावर: झटका तापामुळे येतो, फिरण्यामुळे नाही. ताप उतरून 24 तास झालेत, मूल खातंय, खेळतंय, तर फिरायला हरकत नाही. विषाणू काय, घरात बसूनही येतो, मोठी माणसं ऑफिसातून घेऊन येतातच. महिनाभर कोंडून ठेवायला वैद्यकीय कारण मला तरी दिसत नाही.

पुण्यातला_वैदर्भीय
डॉक्टरसाहेब, तापाचं पटलं. पण गर्दी टाळावी हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही. बंद हॉलमधल्या खेळघरापेक्षा मोकळी बाग बरी, एवढं तरी मान्य करा.

बालरोग_डॉ
हे मान्य, आणि आनंदाने. नागपूरची थंडी आहे, ऊन कोवळं आहे, मोकळ्यावरच जा.

राजाबाक्षा
सर्दी आहे म्हणता तर रविवारपर्यंत एखादं कफ सिरप देऊन टाका ना. मेडिकलवाल्याकडून मिळतं, दोन दिवसांत नाक मोकळं.

बालरोग_डॉ
राजाबाक्षा, हात जोडून सांगतो, हे कुणी करू नका. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन आपल्याच नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली आणि त्यांतली बरीच वाचली नाहीत. खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडलं होतं. भेसळीचा भाग बाजूला ठेवला तरी, लहान मुलांना सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांचा फायदा फारसा नसतोच. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच वेळी पुन्हा बजावलं की 2 वर्षांखाली ही औषधं देऊ नयेत आणि 5 वर्षांखाली साधारणपणे टाळावीत. नाकात सलाइनचे थेंब, कोमट पाणी, आणि मूल एक वर्षाच्या वरचं असेल तर खोकल्याला थोडा मध. सर्दी आपली आपण जाते.

राजाबाक्षा
समजलं डॉक्टर. घरातली बाटली आजच टाकतो. त्या मुलांच्या बातम्या वाचल्या होत्या, पण आपल्या घरच्या बाटलीशी त्याचा संबंध जोडला नव्हता.

जागरणकर्ती
मी या वाटेवरून गेलेली आई. माझ्या मुलाला एकापेक्षा जास्त वेळा झटके आले, आता तो सात वर्षांचा आहे आणि सगळं थांबलंय. सोनचाफा, दोन गोष्टी सांगते, त्या मला फार उशिरा कळल्या.

पहिली तापाच्या औषधाची. पॅरासिटामॉलच्या बाटल्या एकसारख्या दिसतात, पण आतला जोर वेगळा असतो. थेंबांच्या छोट्या बाटलीत बहुधा 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं. सिरप एक 5 मिलीत 125 चं येतं, दुसरं 5 मिलीत 250 चं. एक चमचा दिला म्हणण्याला काही अर्थ नाही, कुठल्या बाटलीचा चमचा? आमच्या डॉक्टरांनी वजनावरून मात्रा काढून दिली, किलोला 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान 4 ते 6 तासांचं अंतर. ती मी बाटलीवरच पट्टी चिकटवून लिहून ठेवते. मूल वाढलं, वजन वाढलं की पट्टी बदलायची. तुमच्या डॉक्टरांकडून ओवीच्या वजनाची मात्रा लिहूनच घ्या.

दुसरी: नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा. 5 मिनिटांच्या पुढे झटका चालला तर वापरायला आमच्या डॉक्टरांनी लिहून दिला होता. सगळ्यांना देत नाहीत, पण विचारा. माझ्या पर्समध्ये तो वर्षानुवर्षं होता, मुदत संपली की नवा घ्यायचे. वापरायची वेळ आली नाही, तरी तो आहे म्हणून आम्ही चिखलदऱ्यालाही जाऊन आलो.

बालरोग_डॉ
जागरणकर्तींच्या पट्टीची कल्पना मी माझ्या रुग्णांना सांगणार आहे. एकच जोडतो. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, ते द्यावंच, पण त्याने झटका नक्की टळतो असं नाही. त्यामुळे औषध देऊनही झटका आला तर आपलं काही चुकलं असं समजू नका. आणि तापाला ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही.

मेट्रोवाला_भौ
वैद्यकीय चर्चा झाली असंन तं आता मुद्द्यावर येऊ का? पोट्टे कुठं न्यायचे? माझं मत गोरेवाडा. वाघ पाहिला की लेकरू आठवडाभर दुसरं बोलत नाही.

खडीसाखर
गोरेवाडा छान आहे, पण अडीच वर्षांच्या मुलीला? सफारीच्या बसमधून मध्येच उतरता येत नाही. सू आली की संपलं. वाघ झाडाखाली झोपलेला असला तर पोरं विचारतात, तो मांजर आहे का. मी म्हणते महाराजबाग. भोसल्यांच्या काळची बाग, पाय मोकळे करायला जागा, कंटाळा आला की पाच मिनिटांत सीताबर्डीत.

मेट्रोवाला_भौ
महाराजबागेत मी लहान असताना जात होतो, माझे बाबा लहान असताना जात होते. काहीतरी नवं सांगा ना बे.

धंतोलीकर
रामन विज्ञान केंद्र. गांधीसागरासमोर, 1992 पासून आहे, बाहेरच्या बागेत डायनासोर उभे आहेत. माझा मुलगा चार वर्षांचा असताना त्यांच्या पायाला मिठी मारून बसला होता. तारांगण मात्र मोठ्या भावंडांसाठी ठेवा, अंधारात बारकी पोरं घाबरतात.

नवी_आई_वर्धारोड
एक शंका. तारांगण, टीव्ही, लुकलुकते दिवे, यांनी झटका येऊ शकतो ना? मी कुठेतरी ऐकलं होतं.

परिचारिका_ताई
दिव्यांच्या लुकलुकण्याने येतो तो मिरगीचा एक वेगळाच प्रकार, आणि तोही थोड्याच जणांना. तापातल्या झटक्याशी त्याचा संबंध नाही. ओवीने तारांगण पाहिलं तर काही होणार नाही. घाबरून मांडीत शिरली तर ती गोष्ट निराळी.

रेल्वेवेडा
विमलाबाईंनी छोट्या लाइनीचं नाव काढलं आणि मला राहवेना. मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय पाहिलंय का कुणी? कडबी चौकाजवळ. 2002 साली सुरू झालं. अडीच फुटी रुळांवरची इंजिनं, डबे, जुनी यंत्रं, सिग्नलचे दिवे, सगळं मोकळ्यावर, झाडांच्या सावलीत. मुलांसाठी छोटी गाडी पण आहे. नागपूर–छिंदवाडा छोटी लाइन 2015 मध्ये बंद झाली आणि उमरेड-भिवापूरवरून जाणारी नागभीडची 2019 मध्ये. आता ज्यांना ती गाडी बघायची त्यांनी तिथेच जावं. जाण्याआधी वेळ आणि सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या.

आणि मेट्रोने जा! अजनी चौकातून नारिंगी मार्गिका थेट कडबी चौकापर्यंत जाते, मध्ये गाडी बदलायची नाही. वाटेत गड्डीगोदामला पोरांना खिडकीशी उभं करा: खाली रस्ता, त्यावरून रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर आपण.

मेट्रोवाला_भौ
घ्या! मेट्रोवाला मी, न् मेट्रो सुचली याले. हार मानली.

विमलाबाई_उमरेडवाल्या
त्या गाडीत भिवापूरच्या मिरच्यांची पोती राहत. डबाभर ठसका. एकानं शिंकलं का सारा डबा शिंके. पोरं हासत, टीसी बी शिंकत शिंकत तिकीट पाहे.

रेल्वेवेडा
विमलाबाई, तुमच्या अशा आठवणी कुणीतरी बसून लिहून घ्यायला हव्यात. मी उमरेडला येईन, खरंच सांगतो.

काटोलचा_संत्रावाला
संत्री घेऊन जा सोबत. आंबिया बहाराची शेवटची फळं बाजारात आहेत. हिरवट दिसली म्हणून टाकू नका, सालीच्या रंगावर गोडी ठरत नाही. लहान लेकराला पाकळीतली बी काढून, वरचं पापुद्रं सोलून द्या.

सोनचाफा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. विमलाबाईंचा चमच्याचा किस्सा ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'त्या दिवशी मला काहीच सुचत नव्हतं गं. काय करायचं ते कुणी आधी सांगितलं असतं तर हातपाय तरी हलले असते.' मला तेव्हा कळलं की त्यांचा विरोध फिरण्याला नव्हताच.

मग आम्ही बैठकीत सतरंजी घातली. मी परिचारिकाताईंची पोस्ट वाचत होते आणि आई ओवीला कुशीवर वळवायचा सराव करत होत्या. एक हात खांद्याला, एक कमरेला, डोकं जरा मागे, गालाखाली तिचाच हात. ओवीला वाटलं खेळ आहे. ती उठून पुन्हा पाठीवर झोपायची आणि म्हणायची, 'आजी, अजून!' नवऱ्याने घड्याळ लावायचं काम घेतलं. डॉक्टरांना फोन केला, मात्रा लिहून घेतली, फवाऱ्याबद्दल विचारलं. एकदाच आलाय आणि लवकर थांबलाय, तर आत्ता गरज नाही, पुन्हा झालं तर बघू म्हणाले.

रविवार पक्का. मोतीबाग, आणि वेळ उरला तर महाराजबाग. आई येताहेत.

पुण्यातला_वैदर्भीय
सतरंजीचं वाचून फार बरं वाटलं. जा, मजा करा. इथे बसून तर्री-पोह्यांची आठवण काढतो. पुण्यात पोह्यांवर तर्री मागितली तर लोक वळून बघतात.

धंतोलीकर
पोहे खा, पण ओवीला तर्री नको. आमच्या चिरंजीवांनी एकदा बापाच्या बशीतली चाखली, मग सारं दुकान पाणी घेऊन धावलं.

जागरणकर्ती
पिशवीत थर्मामीटर, पट्टीवाली बाटली, डॉक्टरांचा कागद, जास्तीचे कपडे. आणि हो, दर दहा मिनिटांनी कपाळाला हात लावू नका. मुलांना ते समजतं, त्यांचाही चेहरा बदलतो.

सोनचाफा
मंडळी, जाऊन आलो!

सकाळी अजनी चौकातून मेट्रो. भाचा आठ वर्षांचा, भाची पाच. गड्डीगोदाम आलं तेव्हा भाचा मोठ्याने मजले मोजत होता आणि ओवी त्याच्या मागून नुसतंच 'गाडी, गाडी, गाडी!' डब्यातले अनोळखी लोकही खिडकीतून बघायला लागले. एक आजोबा म्हणाले, रोज जातो पण आज पहिल्यांदा खाली बघितलं.

मोतीबागेत पोरं सुटलीच. ओवीला इंजिनाच्या चाकाने वेड लावलं. चाक तिच्याहून उंच. ती पंजा पसरून लोखंडाला लावायची, गार लागलं की हात मागे घ्यायची, हसायची, पुन्हा लावायची. आई तिथेच ओट्यावर बसल्या आणि पोरांना सांगायला लागल्या की त्या लग्न होऊन सावनेरला गेल्या तेव्हा वरात याच छोट्या गाडीतून निघाली होती. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं! नवऱ्यालासुद्धा नाही. रेल्वेवेडा, त्यांनी लाकडी बाकाच्या पट्ट्यांवरून हात फिरवत विचारलं, 'हाच डबा असेल का रे?' भाच्याने छाती ठोकून सांगितलं की हाच.

छोट्या गाडीत ओवी आजीच्या मांडीवर होती. शिट्टी झाली तशी दचकली, अंग एकदम ताठ. माझ्या काळजात धस्स झालं. आईंनी माझ्याकडे बघितलं, मग खाली तिच्याकडे, आणि शांतपणे म्हणाल्या, 'दचकली आहे, डोळे माझ्याकडेच आहेत.' पुढच्या क्षणी पोरगी दोन्ही हात वर करून 'अजून शिट्टी' म्हणत होती.

डब्यात सांभारवड्या होत्या, नणंदबाईंनी पहाटे उठून तळलेल्या, बाहेरून कुरकुरीत, आत सांभार (म्हणजे आपली कोथिंबीर) आणि खोबरं. संत्री होती. काटोलकर, हिरवट फळं खरंच गोड निघाली. जेवल्यावर ओवी सतरंजीवर दोन तास झोपली, मोठी पोरं लपाछपी खेळली. संध्याकाळी महाराजबागेत अर्धा तासच जमलं. मोर दिसला. रात्री घरी ताप बघितला, काही नाही.

मेट्रोवाला_भौ
वरात छोट्या गाडीतून! हे सगळ्यात भारी. आईंना माझा नमस्कार सांगा.

विमलाबाई_उमरेडवाल्या
'डोये माह्याकडंच हायेत.' शिकली बाई, पक्की शिकली.

बालरोग_डॉ
विमलाबाई, बरोबर टिपलंत. दचकणं आणि झटका यांतला फरक ओळखायची साधी खूण तीच. दचकलेलं मूल हाकेला, नजरेला प्रतिसाद देतं. झटक्यात असलेलं मूल देत नाही. थंडी वाजून हुडहुडी भरते तेव्हाही लोक घाबरतात, पण त्यात मूल आपल्याकडे बघतं, रडतं.

एक राहिलं होतं. ओवीच्या लशी ठरल्या वेळीच द्या. लस दिल्यावर ताप येईल म्हणून पुढे ढकलू नका, पुढे ढकललेल्या लशीचा धोका मोठा असतो. आणि पुढच्या भेटीत हिमोग्लोबिन बघून घ्या, अशा मुलांत लोहाची कमतरता बऱ्याचदा सापडते, ती भरून काढायला सोपी आहे.

नवी_आई_वर्धारोड
माझी मुलगी दीड वर्षाची, तिला पुढच्या महिन्यात पाळणाघरात घालते आहे. तिला असं काही झालेलं नाही. तरी विचारते, अशा मुलांच्या आईने पाळणाघरात सांगायचं का? सांगितलं तर मुलीला घेणार नाहीत अशी भीती नाही का वाटत?

जागरणकर्ती
वाटते. एका ठिकाणी आम्हाला सांगितल्यावर खरोखरच नकार मिळाला होता. दुसऱ्या ठिकाणच्या ताई म्हणाल्या, काय करायचं ते लिहून द्या, भिंतीला लावते. तिथेच घातलं. ज्यांना सांगितल्यावर नको वाटतं, त्यांच्याकडे मूल ठेवायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

परिचारिका_ताई
सांगायचंच. आणि तुमच्या मुलीला झालेलं नसलं तरी विचारून ठेवा की असं झालं तर तुम्ही काय करता. उत्तरात चमचा किंवा कांदा आला तर हा धागा त्यांना वाचायला द्या.

सोनचाफा
ओवीच्या पाळणाघराला मी काल कागद दिला. मोठ्या अक्षरात: घड्याळ बघा. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. 5 मिनिटांवर गेलं तर 108. खाली आमचे तिघांचे फोन, आणि तिसरा नंबर आईंचा, त्यांनीच सांगून घालायला लावला. पाळणाघरातल्या ताईंनी तो आरशाशेजारी लावलाय. नवी आई, हवा असेल तर तसाच उतरवून घ्या.

नवी_आई_वर्धारोड
घेतला. उद्याच विचारते तिथे.

रेल्वेवेडा
सोनचाफा, आईंना विचाराल का, सावनेरची वरात कुठल्या सालची? आणि गाडी इतवारीहून सुटली होती का? विमलाबाईंकडे येतोच आहे, त्यांचंही लिहून घ्यायचं आहे.